द्वोर्झाक म्हणजे नेमके कोणते द्वोर्झाक?

चेक आडनावांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच आडनावाभोवती फिरतात. म्हणून या वेळचे सदर त्या एका आडनावालाच दिले आहे.

प्रश्न : सिंफनीवाले द्वोर्झाक, संगणकातला ड्वोरॅक कळफलक आणि चक्रीवादळाच्या बातमीतली ड्वोरॅक पद्धत, हे सगळे एकाच घराण्यातले का?

उत्तर : तीन वेगळी माणसे आहेत, आणि आडनाव एक आहे एवढ्यावरून नाते जोडता येत नाही. नोवाक, स्वोबोदा आणि नोवोत्नी यांच्या पाठोपाठ द्वोर्झाक हे चेक प्रजासत्ताकातले सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे.

त्याचे मूळ 'द्वूर' या शब्दात आहे. द्वूर म्हणजे अंगण, वाडा, जमीनदाराची शेतवाडी, आणि राजाचा दरबारही. आपले 'दार' आणि संस्कृतातले 'द्वार' ज्या प्राचीन धातूपासून आले, त्याच धातूपासून हा शब्दही आला आहे. द्वोर्झाक म्हणजे वाड्यावर काम करणारा माणूस, किंवा स्वतःची मोठी, मोकळी शेतवाडी असलेला शेतकरी. अशी वाडी बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांत गावोगाव होती, त्यामुळे हे नाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडले.

शिवाय पूर्वी आडनाव माणसापेक्षा घराला जास्त चिकटलेले असे. लग्न करून किंवा विकत घेऊन नवा माणूस एखाद्या घरात राहायला आला, की गाव त्याला त्या घराच्या नावाने ओळखू लागे. याला चेक लोक 'छपरावरून पडलेले नाव' म्हणतात. १७८० च्या दशकात सम्राट दुसरा जोसेफ याच्या हुकुमांनी आडनाव वंशपरंपरागत आणि पक्के झाले. त्याआधीच्या काळात सख्ख्या भावांची आडनावे वेगळी असू शकत आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोघांचे आडनाव एक असू शके.

प्रश्न : वृत्तपत्रात ड्वोरॅक छापतात, रेडिओवर ड्वोर्जाक ऐकू येते, आणि तुम्ही द्वोर्झाक लिहिता. बरोबर काय? तो मधला उच्चार जमतच नाही.

उत्तर : आधी सोपे अक्षर. चेक 'द' दंत्य आहे, आपल्या 'दगड'मधल्यासारखा. इंग्रजीतून आल्यामुळे आपण सवयीने 'ड' लिहितो. चेक माणसाचे नाव लिहिताना त्याची गरज नाही.

आता अवघड अक्षर. चेक लिपीत आर या अक्षरावर उलट्या टोपीसारखी छोटी खूण असते. तिला हाचेक म्हणतात, म्हणजे छोटा हुक. या खुणांची पद्धत १५ व्या शतकाच्या सुरुवातीच्या यान हुस या धर्मसुधारकाच्या नावाशी जोडली जाते. हाचेक असलेला आर म्हणजे थरथरता र आणि घोषयुक्त श, दोन्ही एकाच क्षणी.

जमवायचे असे. जिभेचे टोक वरच्या दातांमागे ठेवून 'र्रर्र' असा लांब कंप काढा. जीभ तिथेच ठेवून वरचे-खालचे दात जवळजवळ मिटा. मग 'श' म्हणताना सोडतो तसा हवेचा झोत त्याच कंपातून जाऊ द्या आणि घशातला आवाज चालू ठेवा. कंप थांबून नुसता घरघरणारा 'श' उरला, तर जीभ फार मागे गेली आहे. साधा 'र'च येत राहिला, तर दात उघडे राहिले आहेत. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे आधी 'र' आणि मग 'झ' असे दोन वेगळे ध्वनी काढणे. देवनागरीत 'र्झ' लिहिण्यावाचून इलाज नाही, पण वाचताना ते एकच व्यंजन आहे हे ध्यानात ठेवावे. चेक मुलांनाही हा ध्वनी बहुधा सर्वांत शेवटी जमतो, तेव्हा निराश होऊ नये.

आघात पहिल्या अक्षरावर येतो, 'द्वो'वर. 'झा'वरची तिरकी रेघ आघात दाखवत नाही, फक्त स्वर दीर्घ आहे एवढेच सांगते. इंग्रजी वाचणारे नेमके इथे फसतात आणि शेवटच्या अक्षरावर जोर देतात.

मराठी माणसाला चेक उच्चारात एक मोठी सोय आहे. चेकमधला साधा सी म्हणजे आपला 'चमचा'तला दंत्य च, आणि हाचेक असलेला सी म्हणजे 'चिमणी'तला तालव्य च. इंग्रजी किंवा हिंदी बोलणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागतो, आपल्या तोंडात तो आधीपासून आहे.

अमेरिकेत गेलेल्या आडनावांच्या खुणा मात्र गळाल्या आणि उच्चार बदलले. कळफलकवाले ऑगस्ट आणि हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन यांना 'ड्वोरॅक' म्हणणेच योग्य, कारण त्यांच्या देशात तोच उच्चार रूढ आहे. १९३२ च्या 'स्कारफेस' चित्रपटातली अभिनेत्री ॲन ड्वोरॅक हिचे जन्मनाव ॲना मॅकिम होते. पडद्यासाठी घेतलेल्या या आडनावातला 'ड' उच्चारू नका, असे ती सांगत असे. माणूस स्वतःचे नाव जसे उच्चारतो तसे आपण उच्चारावे, म्हणून या सदरात दोन्ही रूपे दिसतील.

प्रश्न : नवऱ्याचे आडनाव द्वोर्झाक आणि बायकोचे द्वोर्झाकोवा. ही दोन आडनावे समजायची का?

उत्तर : आडनाव एकच आहे, रूप स्त्रीलिंगी आहे. लग्नाशीही त्याचा संबंध नाही, कारण मुलीला ते जन्मापासूनच मिळते. व्यंजनाने संपणाऱ्या आडनावाला 'ओवा' लागते : द्वोर्झाक–द्वोर्झाकोवा, नवरातिल–नवरातिलोवा. शेवटी 'आ' असेल तर तो गळून 'ओवा' येते : स्वोबोदा–स्वोबोदोवा, क्विता–क्वितोवा. 'एक'ने संपणाऱ्या नावातला 'ए' जातो : चापेक–चापकोवा. आडनाव मुळात विशेषण असेल तर शेवटचा 'ई' जाऊन दीर्घ 'आ' येतो. नोवोत्नी म्हणजे नवा आलेला, त्याचे स्त्रीलिंगी नोवोत्ना. १९९८ ची विम्बल्डन विजेती याना नोवोत्ना हिचे आडनाव तसेच बनले आहे. आपण काळा–काळी म्हणतो, चेकमध्ये चेर्नी–चेर्ना होते. क्रेयची (म्हणजे शिंपी) यासारखी काही आडनावे दोघांनाही तशीच राहतात.

१ जानेवारी २०२२ पासून चेक कायद्याने कोणत्याही स्त्रीला कारण न देता पुरुषी रूप घेण्याची मुभा दिली आहे. त्याआधी परदेशी नागरिकत्व, परदेशात वास्तव्य, परदेशी नवरा किंवा वेगळे राष्ट्रीयत्व यांपैकी काही दाखवावे लागे. त्यामुळे आता 'याना द्वोर्झाक' असे नाव दिसले तर ते चुकीचे आहे असे धरून दुरुस्त करू नका.

पत्र लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट. चेकमध्ये संबोधनाची वेगळी विभक्ती आजही रोजच्या बोलण्यात आहे, आपल्या 'रामा', 'गोविंदा'सारखी. श्रीयुत द्वोर्झाक यांना हाक मारताना 'पाने द्वोर्झाकु' म्हणावे लागते. बाईंना 'पानी द्वोर्झाकोवा', तिथे रूप बदलत नाही. पत्राच्या मायन्यात पुरुषाचे नाव न बदलता लिहिले तर अर्थ कळतो, पण लिहिणारा परका आहे हेही लगेच कळते.

प्रश्न : चेक ग्रंथसूचीत द्वोर्झाक सापडत नाही. 'द्वोर्स्की'च्या आधी पाहिले, तिथे नाही.

उत्तर : नंतर पाहा. चेक वर्णक्रमात हाचेक असलेला आर हे साध्या आरच्या पुढचे स्वतंत्र अक्षर आहे, म्हणून द्वोर्स्की आधी आणि द्वोर्झाक मागून येतो. सी, एस आणि झेड यांनाही हाच नियम. सी-एच ही जोडी एक अक्षर मानतात आणि ती एचनंतर येते, सीमध्ये शोधून सापडणार नाही. स्वरांवरची रेघ क्रम ठरवताना सहसा मोजत नाहीत.

प्रश्न : आमच्या जावयांचे आडनाव द्वोर्झाक. त्यांच्या चेक पूर्वजांचा शोध घरबसल्या घेता येईल का?

उत्तर : बराचसा घेता येतो. चर्चच्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदवह्यांना चेकमध्ये 'मात्रिका' म्हणतात. त्या प्रादेशिक सरकारी अभिलेखागारांत आहेत, आणि बहुतेक वह्यांची छायाचित्रे त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात. जन्माची वही शेवटच्या नोंदीला १०० वर्षे होईपर्यंत स्थानिक नोंदणी कार्यालयात राहते. तोपर्यंत ती सर्वांसाठी खुली नसते, थेट वंशजाला अर्ज करावा लागतो.

आडनावापासून सुरुवात केली तर हाती काही लागणार नाही. इतके द्वोर्झाक भेटतील की आपला कोणता हे कळणारच नाही. आधी गाव पक्के करा, तेही जिल्ह्यासकट, कारण नोवा वेस (म्हणजे नवे गाव) या नावाची गावे तिथे डझनावारी आहेत. मग त्या गावाचे चर्च कोणत्या गावात होते ते शोधा. वह्या चर्चच्या गावाच्या नावाने लावलेल्या असतात, आणि पुष्कळ जणांचा शोध इथेच अडतो.

नोंद सापडली की सर्वांत आधी घरक्रमांक टिपून घ्या. सैन्यभरतीसाठी १७७० पासून बोहेमियात घरांना क्रमांक दिले गेले, आणि १७८४ च्या फर्मानानंतर वह्या रकाने आखून लिहिल्या जाऊ लागल्या. त्यात घरक्रमांकाचा रकाना असतो. एका गावात एकाच वर्षी तीन यान द्वोर्झाक बाप झालेले असू शकतात. १२ क्रमांकाच्या घरातला यान आणि ३१ क्रमांकाच्या घरातला यान यांना वेगळे करणारी खूण बहुतेक वेळा हीच एक असते. आईचे माहेरचे आडनाव दुसरी खूण. दोन्ही जुळल्याशिवाय पिढी जोडू नये.

लेखनाची रूपे आधीच कागदावर मांडून ठेवा. १९ व्या शतकाच्या मध्यापर्यंत चेकमध्ये 'व'साठी व्ही नसून डब्ल्यू लिहीत. हाचेकच्या जागी आरपुढे झेड येत असे. जर्मन कारकून ऐकू येईल तसे लिहीत, म्हणून आरपुढे एस-सी-एच अशी अक्षरेही भेटतात. स्लोवाक भाषेत हा ध्वनीच नाही, तिथे साधा आर राहतो. जर्मन नोंदीत स्त्रीच्या आडनावाला 'ओवा'ऐवजी 'इन' लागलेले दिसते, ते वेगळे घराणे समजू नका. नोंदी काळाप्रमाणे लॅटिन, जर्मन किंवा चेकमध्ये आहेत, आणि जर्मन हस्ताक्षर बहुधा कुरेंट या जुन्या वळणाचे असते. त्या वळणात ई आणि एन जवळजवळ सारखे दिसतात. आधी महिन्यांची आणि नात्यांची नावे ओळखायला शिका. दर पानावर तीच तीच येत असल्याने डोळ्यांना वळण पटकन बसते.

प्रश्न : घरी जुनी तबकडी आहे, तिच्यावर द्वोर्झाकची 'न्यू वर्ल्ड' पाचवी सिंफनी म्हणून छापली आहे. आता सगळीकडे नववी म्हणतात. तबकडीवर चूक झाली आहे का?

उत्तर : तबकडी तिच्या काळाप्रमाणे बरोबर आहे. आंतोनीन द्वोर्झाक (१८४१–१९०४) यांच्या नऊ सिंफनींपैकी पहिल्या चार त्यांच्या हयातीत छापल्याच गेल्या नाहीत. उरलेल्या पाचांना छपाईच्या क्रमाने आकडे मिळाले. २० व्या शतकाच्या मध्यानंतर सर्व नऊंना रचनेच्या क्रमाने नवे आकडे रूढ झाले. जुन्या तबकडीसाठी हिशोब असा : जुनी पहिली म्हणजे आजची सहावी (डी मेजर), जुनी दुसरी म्हणजे सातवी (डी मायनर), जुनी तिसरी म्हणजे पाचवी (एफ मेजर), जुनी चौथी म्हणजे आठवी (जी मेजर) आणि जुनी पाचवी म्हणजे नववी (ई मायनर). आकड्यावर विसंबण्यापेक्षा स्वर पाहिला की घोटाळा होत नाही.

ओपस क्रमांकांवर, म्हणजे छापताना रचनेला दिलेल्या क्रमांकांवर, तर मुळीच विसंबू नये. १८७५ ची एफ मेजर सिंफनी द्वोर्झाकनी ओपस २४ म्हणून ठेवली होती. बर्लिनचे प्रकाशक झिमरॉक यांनी ती पुढे ओपस ७६ म्हणून छापली, म्हणजे जुनी रचना नवी वाटावी. खात्रीचा क्रमांक हवा असेल तर यार्मिल बुर्घाउझर यांच्या सूचीतला 'बी' क्रमांक घ्या. 'न्यू वर्ल्ड' ही बी १७८ आहे.

याच प्रकाशकाशी त्यांचा नावावरूनही वाद झाला. झिमरॉक मुखपृष्ठावर 'आंतोन' असे जर्मन रूप छापत, द्वोर्झाकना 'आंतोनीन' हवे होते. तोडगा म्हणून 'आंत.' एवढेच छापले जाऊ लागले. जुन्या स्वरलिपीवर ते अर्धे नाव दिसले तर छपाईतली चूक समजू नका. जर्मन भाषेचा वरचष्मा असलेल्या साम्राज्यात खाटीक आणि खानावळवाल्याच्या या मुलाने आपले चेक नाव सोडले नाही, ही बाब लहान नाही.

'न्यू वर्ल्ड' १६ डिसेंबर १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली, संचालन आंतोन झाइडल यांचे होते. तिच्या संथ भागातली सुरावट हे एक जुने निग्रो भक्तिगीत आहे असे वारंवार लिहिले जाते. घडले उलटे. सुरावट द्वोर्झाकची आहे, आणि तिच्यावर 'गोइंग होम' हे शब्द विल्यम आर्म्स फिशर यांनी १९२२ मध्ये बसवले.

प्रश्न : ड्वोरॅक कळफलक शिकावा का? वेग दुप्पट होतो म्हणतात.

उत्तर : दुप्पट होत नाही. बोटांना आराम मिळतो हे मात्र खरे. वॉशिंग्टन विद्यापीठातले शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ऑगस्ट ड्वोरॅक आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांना या रचनेचे पेटंट १२ मे १९३६ रोजी मिळाले. मधल्या रांगेत डावीकडे ए, ओ, ई, यू, आय हे स्वर, उजवीकडे डी, एच, टी, एन, एस ही इंग्रजीत सतत लागणारी व्यंजने. त्यामुळे इंग्रजी टंकताना सुमारे ७० टक्के ठोके मधल्या रांगेत पडतात, नेहमीच्या कळफलकावर हे प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास असते. स्वर एका हाताला आणि व्यंजने दुसऱ्या हाताला, ही कल्पना इनस्क्रिप्टवर मराठी टंकणाऱ्यांच्या ओळखीची आहे. वेगाबाबत १९४४ च्या अमेरिकी नौदलाच्या चाचणीने ड्वोरॅकची बाजू घेतली, १९५६ च्या सरकारी चाचणीत मात्र फायदा दिसला नाही.

विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या भाषेच्या पानावर इंग्रजीचे पर्याय उघडून 'युनायटेड स्टेट्स–ड्वोरॅक' हा कळफलक जोडा. विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून अदलाबदल होते. मराठी इनस्क्रिप्टला धक्का लागत नाही, तो वेगळा आराखडा आहे.

अडचण पहिल्याच दिवशी पासवर्डपाशी येते. पडद्यावर फक्त टिंबे दिसतात आणि कळफलक कोणता चालू आहे ते कळत नाही. प्रवेशाच्या पडद्यावर कोपऱ्यातली कळफलकाची खूण आधी तपासा. दुसरी अडचण कंट्रोलसोबतच्या सी, व्ही, एक्स, झेड या कळांची. नेहमीच्या कळफलकावर त्या एकमेकींशेजारी असतात. इथे सी जुन्या आयच्या जागी जाते, एक्स बीच्या, व्ही पूर्णविरामाच्या आणि झेड तिरक्या रेघेच्या जागी. मॅकवर कमांड दाबल्यावर तात्पुरती जुनी रचना आणणारा पर्याय आहे, तो निवडा. अक्षरांपैकी फक्त ए आणि एम जागच्या जागी राहतात. दिवसभर दुसऱ्यांच्या संगणकांवर काम करावे लागत असेल तर या वाटेला जाऊ नये, दोन्ही रचना एकमेकींत मिसळतात.

प्रश्न : चक्रीवादळाच्या पत्रकातला 'टी ३.५' म्हणजे काय? त्यालाही ड्वोरॅक म्हणतात.

उत्तर : हे व्हर्नन ड्वोरॅक (१९२२–२०२२), अमेरिकेचे हवामानशास्त्रज्ञ. खोल समुद्रात वाऱ्याचा वेग मोजायला कोणी नसते, तेव्हा उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या आकारावरून तो ठरवण्याची पद्धत त्यांनी १९७० च्या दशकात बसवली आणि १९८४ मध्ये सुधारून मांडली. भारतीय हवामान विभागही ती वापरतो.

टी अंक १ ते ८, अर्ध्या अर्ध्याने वाढतो. टी २.५ म्हणजे ३५ नॉट, टी ३.५ म्हणजे ५५, टी ४ म्हणजे ६५ (ताशी सुमारे १२० किलोमीटर), टी ५ म्हणजे ९०, टी ६ म्हणजे ११५, टी ७ म्हणजे १४०. सर्वसाधारण वाढ दिवसाला एक अंक धरतात. विश्लेषक आधी केंद्र शोधतो, मग ढगांचा वळलेला पट्टा केंद्राभोवती किती फिरला आहे ते आखलेल्या सर्पिलावर मोजतो. डोळा स्पष्ट असेल तर डोळ्याचे तापमान आणि भोवतालच्या ढगमाथ्याचे तापमान पाहतो. डोळा जितका उबदार आणि भोवतालचे ढग जितके थंड, तितके वादळ जोरदार.

चुकते कुठे? वरून पातळ ढगांचा पडदा आला की अवरक्त चित्रात डोळा झाकला जातो आणि अंक कमी निघतो. रात्री दृश्य प्रकाशातले चित्र नसल्याने केंद्रच चुकीच्या जागी धरले जाऊ शकते. दोन अनुभवी विश्लेषकांत अर्ध्या अंकाचा फरक पडणे नेहमीचे आहे. वाचणाऱ्याची चूक वेगळी असते. वादळ विरू लागले की ढग आधी विस्कटतात, वारा मागून पडतो. म्हणून त्या काळात टी अंकाशेजारी 'सी आय' हा दुसरा अंक अर्धा ते एक वर ठेवलेला असतो, आणि वाऱ्याचा वेग त्याच्यावरून काढायचा असतो. घसरलेला टी पाहून होडी पाण्यात लोटू नये.

प्रश्न : खेळाडूंत कोणी द्वोर्झाक आहे का?

उत्तर : डेकॅथलॉनचे, म्हणजे दहा मैदानी प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेचे, तोमाश द्वोर्झाक, जन्म १९७२. १९९७, १९९९ आणि २००१ असे सलग तीन वेळा जगज्जेते, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्य. जुलै १९९९ मध्ये प्रागला त्यांनी ८,९९४ गुणांचा विश्वविक्रम केला.

९,००० ला सहा गुण कमी. ते सहा गुण किती जवळ होते ते गुणतक्त्यात पाहण्यासारखे आहे. लांब उडी ७.९० मीटर, १,०३५ गुण. ११० मीटर अडथळा शर्यत १३.७३ सेकंद, १,०१० गुण. भालाफेक ७२.३२ मीटर, ९२५ गुण. शेवटची १,५०० मीटरची शर्यत ४ मिनिटे ३७.२० सेकंदांत, ६९८ गुण. हीच शर्यत एक सेकंद आधी संपली असती तर ७०४ गुण मिळाले असते आणि बेरीज बरोबर ९,००० झाली असती. तो टप्पा मे २००१ मध्ये रोमान शेब्रले यांनी ९,०२६ गुण मिळवून ओलांडला. तेही चेकच.

प्रश्न : कलेच्या इतिहासात माक्स द्वोर्झाक हे नाव येते. ते संगीतकारांचे कोण?

उत्तर : आडनाव एक आहे एवढ्यावरून इथेही नाते जोडता येत नाही. माक्स द्वोर्झाक (१८७४–१९२१) एल्बे नदीकाठच्या रौदनित्से गावचे, व्हिएन्ना विद्यापीठातले कलेतिहासकार. जुन्या वास्तू कशा जपाव्यात आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्यांची नासाडी कशी होते, यावर त्यांनी १९१६ मध्ये सामान्य लोकांसाठी छोटी पुस्तिका लिहिली. त्यांच्यासाठी वास्तुकार आडोल्फ लोस यांनी काळ्या दगडाच्या समाधीचा आराखडा केला होता, ती बांधली गेली नाही. संगीतकारांची कबर प्रागला व्हिशेह्राद इथे आहे. प्रागच्या ज्या बरोक वाड्यात १९३२ पासून त्यांचे संग्रहालय आहे, तिथे ते कधी राहिले नव्हते. जन्मस्थान पाहायचे असेल तर प्रागच्या उत्तरेला व्ल्तावा नदीकाठी नेलाहोझेवेसला जावे लागते.